कळतं पण वळत नाही : वृत्ती आणि वर्तन यांच्या मधली जागा

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका टीमची जबाबदारी सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या हाताखाली दोघं आहेत. त्यातला एक जण काम मनापासून आवडतं असं सांगतो, बैठकीत उत्साहानं बोलतो, पण त्याचं काम दर वेळी उशिरा येतं. दुसरी तुटक बोलते, ‘तिचा ॲटिट्यूड खराब आहे’ असं सगळे म्हणतात, आणि काम मात्र चोख, वेळेच्या आधी. मग वृत्ती आणि वर्तन यांत नेमका फरक काय, त्यांचं आपसात नातं काय, आणि सुधारणा करायची तर आधी कशाला हात घालायचा?

मी समुपदेशक मानसशास्त्रज्ञ म्हणून बावीस वर्षं काम करते आहे. घरं, शाळा, रुग्णालयं, कार्यालयं, सगळीकडे हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकला आहे. बायको म्हणते, ‘यांना वाटतं पुष्कळ, हातून होत काही नाही.’ आई म्हणते, ‘त्याला कळतं हो सगळं, पण वळत नाही.’ हे शेवटचं वाक्य आपण इतक्या सहज बोलून जातो, पण मानसशास्त्रातल्या एका मोठ्या वादाचा विषय त्यात नेमका आला आहे. कळणं आणि वळणं यांच्या मध्ये काय असतं, तेवढंच मला इथे सांगायचं आहे, आणि ते सावकाश सांगणार आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. बोलीभाषेत ‘तिला फार ॲटिट्यूड आहे’ म्हटलं की त्याचा अर्थ तोरा, ठसका, कुणाला न जुमानणं असा होतो. मानसशास्त्रात ज्याला अभिवृत्ती म्हणतात (इथे मी तिला नुसतं वृत्तीही म्हणणार आहे) ती गोष्ट वेगळी. अभिवृत्ती नेहमी कशाबद्दल तरी असते: एखाद्या माणसाबद्दल, कामाबद्दल, कल्पनेबद्दल, वस्तूबद्दल. त्या गोष्टीकडे आपलं मन कसं झुकलेलं आहे, बाजूनं की विरोधात, आणि किती जोरात, हे ती सांगते. म्हणून ‘त्याची वृत्ती चांगली आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. कशाबद्दलची? कामाबद्दलची, वेळ पाळण्याबद्दलची, की वरिष्ठांसमोर बोलण्याबद्दलची? या तिन्ही वेगवेगळ्या असू शकतात आणि बहुतेक वेळा असतातच.

वर्तन म्हणजे जे दिसतं, ऐकू येतं, मोजता येतं. यासाठी मी लोकांना एक साधी कसोटी देते: खोलीत कॅमेरा लावला असता तर चित्रफितीत काय दिसलं असतं? ‘तो बेफिकीर आहे’ हे चित्रफितीत दिसत नाही. ‘फोन तीनदा वाजला, त्यानं नाव पाहिलं आणि फोन उलटा ठेवला’ हे दिसतं. पहिलं वाक्य म्हणजे आपण काढलेला निष्कर्ष, दुसरं म्हणजे घडलेली गोष्ट. माझ्याकडे येणारी निम्मी भांडणं अशी असतात की दोन्ही बाजू फक्त निष्कर्ष घेऊन आलेल्या असतात आणि घडलेली गोष्ट कुणी नीट सांगितलेलीच नसते.

पाठ्यपुस्तकांत अभिवृत्तीचे तीन घटक शिकवतात: बोधनिक म्हणजे त्या गोष्टीबद्दल आपल्याला काय खरं वाटतं, भावनिक म्हणजे ती कशी वाटते, आणि क्रियात्मक म्हणजे त्या बाबतीत वागण्याकडे असलेला कल. विद्यार्थी घसरतात ते तिसऱ्यावर. कल म्हणजे वर्तन नव्हे. उतारावर ठेवलेला चेंडू घरंगळेलच असं नाही, मध्ये दगड असू शकतो. परीक्षेत हा फरक चुकला तर दोन गुण जातात. घरात चुकला तर माणसाला ढोंगी ठरवलं जातं.

गंमत अशी की वृत्ती आणि वर्तन हे दोन्ही शब्द संस्कृतातल्या एकाच धातूपासून आले आहेत: ‘वृत्’, म्हणजे असणं, फिरणं, वळणं. प्रवृत्ती, निवृत्ती, आवर्तन ही सगळी त्याच घराण्यातली. शब्दांचं मूळ एक असल्यामुळे असेल, पण आपण धरूनच चालतो की आत जे आहे तेच बाहेर येणार. सुरुवातीला शास्त्रज्ञांनीही तेच धरलं होतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत अभिवृत्ती मोजण्याच्या पद्धती निघाल्या. आजही प्रश्नावलीत ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ असे जे पर्याय दिसतात ती लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेली पद्धत. गृहीत असं होतं की वृत्ती मोजली की वर्तन कळलंच.

या गृहीताला पहिला मोठा धक्का दिला तो अमेरिकेतल्या रिचर्ड लापिएर या समाजशास्त्रज्ञानं. १९३० ते १९३२ या काळात तो एका तरुण चिनी जोडप्याला घेऊन अमेरिकाभर मोटारीनं हिंडला. तेव्हा तिथे चिनी लोकांबद्दलचा द्वेष उघड आणि तीव्र होता. हे जोडपं, बहुतेक वेळा लापिएरसोबत, २५१ हॉटेलं, विश्रामगृहं आणि खानावळींत गेले. नकार मिळाला फक्त एका ठिकाणी. मग सुमारे सहा महिन्यांनी लापिएरनं त्याच ठिकाणी पत्रं पाठवून विचारलं, ‘तुम्ही चिनी ग्राहकांना घ्याल का?’ १२८ उत्तरं आली आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी ‘नाही’ लिहिलं होतं. ज्यांनी खोली दिली होती, जेवण वाढलं होतं, तेच कागदावर नाही म्हणत होते. हा अभ्यास १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला.

मी हा अभ्यास शिकवते तेव्हा वर्गातली मुलं लगेच म्हणतात, ‘म्हणजे लोक खोटं बोलतात.’ मला तो निष्कर्ष पटत नाही. पत्रात विचारलं होतं ते ‘चिनी लोकांबद्दल’. दारात उभं होतं ते एक नीटनेटकं, हसतमुख, चांगलं इंग्रजी बोलणारं जोडपं, सोबत गोरा प्राध्यापक, हातात सामान. पत्राचं उत्तर लिहिणारा आणि खोलीची किल्ली देणारा माणूस एकच होता, याचीही खात्री नव्हती. आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं अवघड असतं, कागदावर ते फारच सोपं. म्हणजे प्रश्नातली गोष्ट वेगळी होती आणि प्रसंगातली वेगळी. ही बाब सोडून दिली तर तो अभ्यास फक्त ‘माणसं दुतोंडी असतात’ एवढंच शिकवतो, आणि ते शिकायला अभ्यास लागत नाही.

पुढे १९६९ मध्ये ॲलन विकर यांनी तोवर झालेल्या अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. वृत्ती आणि वर्तन यांच्यातला सहसंबंध क्वचितच ०.३० च्या वर जातो, अनेकदा शून्याच्या आसपास असतो, असं त्यांना आढळलं. सहसंबंध १ असता तर वृत्ती कळली की वर्तन अचूक सांगता आलं असतं. ०.३० चा अर्थ असा की माणसामाणसांच्या वागण्यात जो फरक दिसतो त्यातला जेमतेम नऊ टक्के भाग त्यांच्या वृत्तीवरून उलगडतो. तेव्हा काही जणांनी अभिवृत्ती ही संकल्पनाच निकालात काढायची भाषा सुरू केली होती.

ती संकल्पना वाचली ती फिशबाइन आणि आयझेन या दोन सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी प्रश्न नीट विचारल्यामुळे. त्यांचं म्हणणं साधं होतं. तुम्ही वृत्ती विचारता मोघम आणि वर्तन पाहता नेमकं, मग जुळणार कसं? ‘पर्यावरण जपावं असं वाटतं का?’ या प्रश्नाच्या उत्तरावरून ‘येत्या मंगळवारी हा माणूस सायकलनं कामावर जाईल का?’ हे कळणार नाही. कृती कोणती, कशाबाबत, कुठे आणि कधी, हे चारही तपशील दोन्ही बाजूंना सारखे हवेत. १९७९ मधला डेव्हिडसन आणि जॅकार्ड यांचा अभ्यास याचा उत्तम दाखला आहे. स्त्रियांना संततिनियमनाबद्दल सर्वसाधारणपणे काय वाटतं, याचा त्यांनी पुढच्या दोन वर्षांत गोळ्या घेतल्या की नाही याच्याशी सहसंबंध होता ०.०८, म्हणजे नसल्यासारखाच. पण ‘येत्या दोन वर्षांत मी स्वतः गोळ्या घेणं’ याबद्दल काय वाटतं, असं विचारल्यावर तो ०.५७ झाला. स्त्रिया त्याच आणि वागणंही तेच. बदलला होता फक्त प्रश्न.

माझ्या कामात सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेली गोष्ट हीच. जोडीदार म्हणतो, ‘माझं तिच्यावर प्रेम आहे,’ आणि ती म्हणते, ‘मग आजारी असताना एकदाही विचारलं का नाही?’ दोघंही खरं बोलत असतात. त्याची वृत्ती तिच्याबद्दल आहे. तिचा प्रश्न एका संध्याकाळच्या एका कृतीबद्दल आहे, आणि त्या कृतीबद्दल त्याची स्वतंत्र वृत्ती आहे. ती विचारली की कळतं, ‘सारखं विचारलं की आजारी माणसाला त्रास होतो’ असं तो लहानपणापासून समजत आला आहे.

आता परिस्थितीकडे येते. १९७३ मध्ये डार्ली आणि बॅटसन यांनी प्रिन्स्टनमध्ये धर्मशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. त्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन भाषण द्यायचं होतं. वाटेत एक माणूस दारात कोसळून पडल्यासारखा, खोकत, कण्हत होता. तो प्रयोगातलाच होता. ज्यांना हाताशी वेळ होता त्यांतले ६३ टक्के मदतीला थांबले. ज्यांना ‘उशीर झाला आहे, पळा’ असं सांगितलं होतं त्यांतले १० टक्के. त्यांतल्या काहींच्या भाषणाचा विषयच मुळी रस्त्यात पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाची बायबलमधली गोष्ट हा होता, आणि त्यानंही फारसा फरक पडला नाही. या मुलांची परोपकाराबद्दलची वृत्ती कोती होती असं मी म्हणणार नाही. त्यांना घाई होती, आणि घाईत असलेल्या माणसाला बाजूचं दिसलं तरी ते मनापर्यंत पोचत नाही.

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. काही वर्षांपूर्वी एक वडील आले. बसल्या बसल्या म्हणाले, ‘मॅडम, मुलावर हात उगारणं मला मनापासून चूक वाटतं. माझ्या वडिलांचा मार मी खाल्ला आहे, तेव्हाच ठरवलं होतं की मी असा बाप होणार नाही. आणि तरी महिन्यातून तीन-चार वेळा माझा हात उठतो. मी ढोंगी आहे का?’

मी त्यांना वृत्तीबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. ती त्यांनी पहिल्या वाक्यात सांगितली होती आणि ती खरी होती. मी म्हटलं, ‘शेवटचं कधी झालं? त्याच्या आधीची पंधरा मिनिटं मला सांगा. तुम्ही कुठे होतात, उभे की बसलेले, हातात काय होतं?’

‘मंगळवारी. कामावरून आलो. वही टेबलावर उघडी पडली होती. गणितं सगळी चुकलेली. मी हाक मारली, तो लगेच आला नाही.’

‘बूट काढले होते?’

ते थांबले. मग हळूच म्हणाले, ‘नाही. बूट पायातच होते. बॅगही खांद्यावर.’

त्याच्या आधीचे जेवढे प्रसंग त्यांना आठवले तेवढे आम्ही असेच उकलले. एक सोडून सगळे दारातून आत आल्यापासून दहा मिनिटांच्या आत घडलेले, उभ्यानं, बुटांसकट. मुलाची वही त्यांच्या घरातल्या पहिल्या वाटेवरच पडलेली असायची. आम्ही ठरवलं ते एवढंच: वही उभ्यानं पाहायची नाही. आधी बूट, मग हातपाय धुणं, मग मुलाच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचं आणि मगच वही उघडायची. पुढच्या चार महिन्यांत एकदा हात उठला. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःहून फोन केला आणि पहिलं वाक्य हे बोलले, ‘मॅडम, आज उभ्यानंच बघितली.’

मारणं चूकच होतं, त्याची जबाबदारीही त्यांचीच होती, आणि हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. पण ‘मुलांना मारू नये’ यावर मी त्यांना तासभर समजावलं असतं तर ते अजून खजील होऊन घरी गेले असते, आणि खजील झालेला माणूस त्या दारातून आत येताना आधीपेक्षा जास्त ताणलेला असतो.

रुग्णालयातला अनुभवही याच जातीचा. एका ठिकाणी परिचारिकांची ‘वृत्ती सुधारण्यासाठी’ मला व्याख्यानाला बोलावलं होतं, कारण त्या दोन रुग्णांच्या मध्ये हात निर्जंतुक करत नाहीत अशी तक्रार होती. मी आधी दोन तास वॉर्डात उभं राहायची परवानगी मागितली. जंतुनाशकाची बाटली भिंतीवर होती, दाराच्या मागे. दार उघडलं की ती झाकली जायची आणि दार दिवसभर उघडंच असायचं. हातात ट्रे घेऊन चाललेल्या बाईनं ट्रे ठेवायचा, दार ओढायचं, बाटली दाबायची, दार पुन्हा लोटायचं, ट्रे उचलायचा आणि मग पुढच्या खाटेकडे जायचं. त्या सगळ्या जणींना स्वच्छतेचं महत्त्व माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मी व्याख्यान दिलं नाही. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक बाटली लावा, असं लेखी कळवलं.

इथपर्यंत वाचून वाटेल की वृत्तीला काही किंमतच नाही. तसं नाही. नंतरच्या संशोधनात, विशेषतः फाझिओ यांच्या कामातून, कोणत्या वृत्ती वर्तनापर्यंत पोचतात हेही बऱ्यापैकी स्पष्ट झालं आहे. स्वतःच्या अनुभवातून घडलेली वृत्ती ऐकीव वृत्तीपेक्षा जास्त टिकते आणि वागण्यात जास्त उतरते. त्या क्षणी चटकन मनात येणारी वृत्ती वागणं घडवते. आठवावी लागते ती मागे राहते. आणि सगळं जमून आलं तरी आयझेन यांनी दाखवल्याप्रमाणे आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एक म्हणजे, आपल्या लेखी महत्त्वाच्या असलेल्या माणसांना हे वागणं पसंत पडेल का. दुसरी, हे आपल्याला जमेल असं वाटतं का. ही दुसरी गोष्ट फार दुर्लक्षित आहे. ‘त्याला इच्छाच नाही’ असं ज्यांच्याबद्दल सांगितलं जातं त्यांतल्या कितीतरी जणांना इच्छा असते, पण जमेल असं वाटत नसतं आणि ‘जमत नाही’ म्हणायची लाज असते. मग ते बेफिकिरीचं सोंग घेतात, कारण बेफिकीर दिसणं नालायक दिसण्यापेक्षा बरं वाटतं. किशोरवयीन मुलांच्या बाबतीत तर मी हे जवळजवळ आठवड्याला पाहते.

इच्छा आहे, जमेल असंही वाटतं, तरी होत नाही, असंही असतं. ब्रिटनमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मिल्न, ऑरबेल आणि शीरन यांच्या अभ्यासात विद्यार्थ्यांचे तीन गट होते. आठवड्यात निदान एकदा वीस मिनिटं व्यायाम करायचा होता. पहिल्या गटाला काही विशेष सांगितलं नव्हतं, त्यांतल्या ३८ टक्के लोकांनी व्यायाम केला. दुसऱ्या गटाला हृदयविकार आणि व्यायाम यांबद्दल पटवून देणारं वाचायला दिलं. त्यांचा निश्चय वाढला, पण व्यायाम केला ३५ टक्के लोकांनी. तिसऱ्या गटाला तेच वाचायला दिलं आणि शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार हे लिहून घेतलं. त्यांतल्या ९१ टक्के लोकांनी केला. मी हे आकडे पालकांना फळ्यावर लिहून दाखवते. आपण घरोघरी दुसऱ्या गटावरची मेहनत करत असतो, पटवून देण्याची, आणि मूल मान डोलावतं म्हणून आपल्याला वाटतं काम झालं.

आणि एकदा गोष्ट अंगवळणी पडली की वृत्तीची फारशी गरजच उरत नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या एका अभ्यासात नवी सवय आपोआप घडू लागायला मध्यक ६६ दिवस लागले, म्हणजे निम्म्या लोकांना त्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे जे सांगत फिरतात त्यांच्यामुळे बाविसाव्या दिवशी हताश झालेली माणसं माझ्याकडे येतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता नात्याची दुसरी बाजू, जी मला पहिल्यापेक्षा महत्त्वाची वाटते. वर्तनामुळे वृत्ती घडते. १९५९ मध्ये फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ यांनी विद्यार्थ्यांना तासभर अत्यंत कंटाळवाणं काम दिलं: ट्रेमध्ये रिळं भरा, काढा, पुन्हा भरा, मग फळीवरच्या खुंट्या एकेक करून थोड्या थोड्या फिरवत राहा. नंतर बाहेर बसलेल्या पुढच्या मुलीला ‘काम मजेचं आहे’ असं सांगायला लावलं. काहींना त्यासाठी एक डॉलर दिला, काहींना वीस. शेवटी खरं मत विचारलं तेव्हा वीस डॉलरवाल्यांना काम कंटाळवाणंच वाटत होतं. एक डॉलरवाल्यांना मात्र ते बऱ्यापैकी आवडल्यासारखं वाटू लागलं होतं. वीस डॉलर मिळालेल्याला आपण खोटं का बोललो याचं कारण हातात होतं. एक डॉलरसाठी खोटं बोलणाऱ्याकडे ते नव्हतं, म्हणून मनानं वृत्तीच सरकवून वर्तनाशेजारी आणून ठेवली. फेस्टिंगर यांनी याला बोधनिक विसंवाद म्हटलं. डॅरिल बेम यांचं म्हणणं थोडं वेगळं होतं: आतली अस्वस्थता वगैरे मानायची गरज नाही, आपण दुसऱ्याची वृत्ती जशी वागण्यावरून ओळखतो तशीच स्वतःचीही ओळखतो, विशेषतः ती आधी स्पष्ट नसेल तेव्हा. मला अनुभवानं वाटतं की दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. पक्क्या वृत्तीला धक्का बसला की अस्वस्थता होते, कच्ची असली की माणूस स्वतःकडे पाहून ती ठरवतो.

याचा चांगला उपयोग आम्ही नैराश्याच्या उपचारात रोज करतो. ‘वाटलं की बाहेर पडेन’ असं म्हणणाऱ्या माणसाला वाटण्याची वाट पाहू देत नाही. न वाटताच दहा मिनिटं चालून यायला सांगतो, ठरलेल्या वेळी, आणि परत आल्यावर कसं वाटलं ते लिहायला सांगतो. पहिल्या आठवड्यात बहुतेक जण ‘काही फरक नाही’ लिहितात. मग कधीतरी एका ओळीत ‘कोपऱ्यापर्यंत बरं वाटलं’ असं येतं. तेवढ्या ओळीवर आम्ही पुढचा महिना उभा करतो.

पण याची वाईट बाजूही तितकीच खरी आहे. ज्याच्याशी आपण वाईट वागतो त्याच्याबद्दलचं आपलं मत हळूहळू वाईट होत जातं, कारण ‘मी चांगला माणूस आहे’ आणि ‘मी त्याला दुखावलं’ ही दोन वाक्यं एका मनात सुखानं नांदत नाहीत. मग ‘त्याची तीच लायकी होती’ हे तिसरं वाक्य येतं आणि शांतता होते. ते वडील माझ्याकडे आले तेव्हा अजून खजील होत होते, हे त्या मुलाचं नशीब. पाच वर्षांनी आले असते, किंवा आलेच नसते, तर त्यांची वृत्ती वर्तनाच्या मापाची झाली असती आणि ते शांतपणे म्हणाले असते, ‘मार खाल्ल्याशिवाय मुलं शिकत नाहीत हो.’ असं म्हणणारे किती बाप पूर्वी खजील होत असतील, हा विचार मला कधी कधी झोपू देत नाही. म्हणून कुणी ‘मला चूक वाटतं, पण होतं हातून’ असं सांगत येतो तेव्हा त्याला ढोंगी मी कुणालाच म्हणू देत नाही, त्याला स्वतःलासुद्धा नाही. ती बोचणी हाताशी आहे तोवरच काम करता येतं.

आता तुमच्या टीममधले दोघं. उशीर करणाऱ्या मुलाला उत्साह वाढवणारं भाषण देऊ नका, उत्साह त्याच्याकडे आहे. मागचं उशिरा आलेलं एकच काम घ्या आणि त्याच्यासोबत बसून शेवटचे दोन दिवस तासातासानं उलगडा. कामाला हात कधी लागला, कुठे अडलं, अडल्यावर काय केलं? माझा अंदाज आहे की तो सगळ्यांना ‘हो’ म्हणतो, किंवा सुरुवात कुठून करायची हे कळत नाही आणि विचारायची लाज वाटते. पण अंदाज बाजूला ठेवा, त्यानं सांगितलेलं ऐका. मग पुढच्या कामासाठी अंतिम तारखेऐवजी पहिल्या कच्च्या मसुद्याचा वार, वेळ आणि जागा त्याच्याच हातानं लिहून घ्या.

मुलीबद्दल जरा थांबा. ‘ॲटिट्यूड खराब’ हे शब्द तिच्या वार्षिक अहवालात जाणार असतील तर आधी कॅमेऱ्याची कसोटी लावा. ती दुसऱ्याचं वाक्य मध्येच तोडते का? विचारलं तर उत्तर देत नाही का? असं काही दिसलं असेल तर ते तारखेसह लिहा आणि तेवढंच बदलायला सांगा, ते तिला बदलता येईल. आणि नुसतं ‘तुटक बोलते, हसत नाही’ एवढंच उरत असेल, तर कदाचित बदलण्यासारखं काही नाही. तुमच्या प्रश्नात त्या मुलाचं म्हणणं आहे, सहकाऱ्यांचं म्हणणं आहे, तुमचं निरीक्षण आहे. तिला स्वतःला हे काम, ही टीम कशी वाटते, याचा मात्र एक शब्दही नाही. तिला तसं कुणी विचारलं आहे का, हे आधी पाहा. नसेल विचारलं, तर या आठवड्यात तुम्ही विचारा.